नको म्हणणारा उमेदवार

डॉक्टर वैजयंतीबाईंचा कोणावर चटकन विश्वास बसतो, असा आरोप त्यांच्या शत्रूंनीसुद्धा कधी केला नसता. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत त्यांनी उभं आयुष्य जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून काढलं आणि त्या कामाने त्यांना एकच धडा दिला: माणूस सांगतो ते अर्धंच असतं. आठवड्याला दोन ग्लास म्हणाला की चार धरायचे. सिगरेट सोडली म्हणाला की त्याच्या बोटांकडे बघायचं. ‘काही विशेष नाही डॉक्टर, सहज आलो’ म्हणाला की मात्र नीट सरसावून बसायचं, कारण हाच माणूस उठता उठता छातीतल्या कळेबद्दल सांगणार. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी खोड गेली नव्हती. एकावर एक फुकट देणारं दुकान त्यांना संशयास्पद वाटे, आणि शेजारचा म्हातारा सलग दोन दिवस हसून बोलला तर तो आता कुंपण सरकवणार, अशी त्यांची खात्री होई.

अशा बाईंच्या फोनवर एका गुरुवारी स्नेहवर्धन मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला. ‘नमस्कार. यंदा मी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी उभी राहतेय. मला हे काम मनापासून करायचंय. हॉलचं भाडं, गुरुवारचा कार्यक्रम, नवीन मेंबर्स, सगळ्याचा नव्याने विचार करायला हवा. – वरदा.’

बाईंनी चष्मा पुसला आणि निरोप पुन्हा वाचला. त्यात ‘गुरुवार’ हा शब्द होता, आणि ‘नव्याने विचार’ हेही होतं. हे दोन शेजारी शेजारी आले की काय होतं ते सांगायला ज्योतिषी लागत नाही.

गुरुवार म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. बाईंचे यजमान शशिधरराव हाडांचे डॉक्टर, बोलण्यात पटाईत. ऑपरेशन चालू असतानाही गोऱ्या नर्सना कोल्हापूरचे किस्से सांगून हसवायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात बराचसा परत आला, पण बोलणं गेलं. त्यातही इंग्रजी गेलं ते मुळासकट, आणि मराठी तेवढं ओंजळभर राहिलं. स्पीच थेरपिस्ट पोरगी मनाने चांगली होती. ती किटलीचं चित्र दाखवून ‘केटल, केटल’ म्हणायची आणि शशिधरराव तिच्याकडे सभ्यपणे बघत बसायचे. शेवटी तिनेच सांगितलं की त्यांना त्यांच्या भाषेतली माणसं भेटू द्या. कॉव्हेंट्रीत गुजराती मिळतात, पंजाबी मिळतात. मराठी माणसं एकत्र बसलेली मिळायची ती फक्त मंडळाच्या गुरुवारच्या दुपारी, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. तिथे चहा होई, चकल्या येत, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर मेंढीकोटाचा डाव पडे. शशिधरराव, त्यांचे जिवलग मित्र जयंतराव, वैजयंतीबाई आणि मंडळाच्या सेक्रेटरी निवेदिताताई असे चौघे.

डाव सुरू झाला की जयंतराव दर दोन हातांनी विचारत, “हुकूम काय रे?”

आणि शशिधरराव उत्तर देत. “बदाम.” किंवा “किलवर.” अख्ख्या आठवड्यात नवऱ्याच्या तोंडून आपणहून निघालेले शब्द बाईंना तिथेच ऐकायला मिळत. जयंत मुद्दाम विचारतो, शशीला बोलतं करायला विचारतो, हे बाईंनी पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं. त्या त्याला कधी काही बोलल्या नाहीत. पण जगात एका माणसावर त्यांचा विश्वास होता, तो हा.

आणि आता वरदा गुरुवारचा नव्याने विचार करणार होती.

खरं तर मंडळाच्या इतिहासात अध्यक्षपद कोणी मागितलं नव्हतं. तशी पद्धतच नव्हती. वार्षिक सभेत कोणीतरी नाव पुकारायचं. ज्याचं नाव पुकारलं त्याने दोन्ही हात हलवत ‘नको नको, मला कुठे झेपणार’ म्हणायचं. लोकांनी ‘असं कसं, तुम्हीच’ म्हणायचं. त्याने पुन्हा नको म्हणायचं. असं तीनदा झालं की मागून कोणीतरी शाल आणून खांद्यावर टाकायची, टाळ्या वाजवायच्या, की झाला अध्यक्ष. जेवायला बसलेल्याला तिसरी पोळी वाढतात तसंच हे. पहिल्या नकोला जो खरंच थांबतो, त्याला वाढायची अक्कल नाही असं समजायचं. आणि स्वतः हात पुढे करून पोळी मागणाऱ्याला काय समजायचं, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

“हावरी आहे,” बाई निवेदिताताईंना फोनवर म्हणाल्या. “मनापासून करायचंय म्हणे! कशासाठी?”

“अगं, यंग आहे, एनर्जी आहे. आयटीत आहे ती. दोन दिवस ब्रॅकनेलच्या ऑफिसला जाते, बाकी वर्क फ्रॉम होम.”

“तेच म्हणते मी. धड इथे नाही, धड तिथे नाही.”

बाईंना या विषयात अधिकार होता, असं त्यांचं त्यांनाच वाटे. अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या वादचर्चा त्या दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बसून आवर्जून बघत. तिकडे त्यांना मत नव्हतं, आणि इकडे अध्यक्षच नव्हता, राजा होता, नि राजाला कोणी विचारून बसवत नाही. तरी उमेदवार कसा पारखावा यावर त्यांची मतं पक्की होती. लोक टाय बघतात, दात बघतात, आवाज बघतात. अरे, पुढे काय करणार ते कोणीही सांगेल, मागे काय केलं ते बघा! विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो, की शेजारच्या प्रश्नाचं देतो? ज्याच्याकडून काडीचा फायदा नाही, त्याच्याशी कसा वागतो? आणि सगळ्यात मोठं म्हणजे याला हे पद हवंय कशाला? फारच हवं असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय.

“आणि झेपेल का, ते नको बघायला?” निवेदिताताईंनी एकदा विचारलं होतं. “वय, तब्येत, डोकं जागेवर आहे का?”

“वय काढू नकोस!” चौऱ्याहत्तरीच्या वैजयंतीबाई कडाडल्या होत्या. “वय झालं म्हणून माणूस मोडीत निघत नाही. हा एजिझम आहे.” आणि ती बाब तिथेच मिटली.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि बाईंचं तोंड एकदा चांगलं पोळलं होतं. आधीच्या एका गोडबोल्या अध्यक्षाने त्यांचा नाटकाचा ग्रुप ‘नव्याने विचार’ करूनच बंद पाडला होता. यावेळी त्या गाफील राहणार नव्हत्या. पुढच्याच गुरुवारी, डाव संपल्यावर, त्यांनी जयंतरावांना किटलीजवळ गाठलं.

“जयंत, तू उभा राहा.”

जयंतराव म्हणजे निवृत्त बालरोगतज्ज्ञ. उंच, देखणे, अजूनही कडक इस्त्रीचा शर्ट घालणारे. बायको, अनुराधा, जाऊन पाच वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ते एकटेच राहत होते. मंडळाचे ते दोनदा अध्यक्ष झाले होते, दोन्ही वेळा शालीखालून.

“नको गं,” ते म्हणाले.

बाई हसल्या. हे पहिलं. “वरदा आली तर गुरुवार बंद होईल. शशीचं काय होईल मग?”

जयंतरावांनी शशिधररावांकडे पाहिलं. ते पत्ते गोळा करत बसले होते. “नको, वैजयंती. आता मला जमणार नाही.”

“सगळे असंच म्हणतात.”

“मी खरंच सांगतोय. तू वरदाला मत दे. चांगली मुलगी आहे.” आणि मग जरा थांबून, “शशीला चहा दिलास का?”

चहा मघाशीच जयंतरावांच्या समोर दिला होता. पण बाईंचं लक्ष चहाकडे नव्हतं, वरदावर होतं. वरदाला मत दे? हे जयंतच्या डोक्यातलं नव्हे. कोणीतरी भरवलेलं आहे. तिने याला आधीच गाठलं, गोड बोलून बाजूला सारलं, आणि हा सज्जन माणूस गेला बिचारा वाटेतून दूर. तिसऱ्या नकोची वाट न बघता बाईंनी घरी जाऊन त्यांचं नाव सुचवलं. सूचक म्हणून स्वतःचं नाव घातलं आणि ग्रुपवर जाहीर केलं. टाळ्या वाजवणारे आणि नमस्कार करणारे किती पिवळे हात आले, ते मोजायलाच नको. जयंतरावांचा फोन आला. “अगं, नको म्हटलं होतं ना?” बाई म्हणाल्या, “झाली तिन्ही,” आणि खळखळून हसल्या. पलीकडे तेही हसले. जरा उशिरा हसले, पण हसले.

त्यानंतर बाईंना जिकडे तिकडे वरदाचे डाव दिसायला लागले. एका गुरुवारी जयंतराव आलेच नाहीत. फोन केला तर म्हणाले, “मी काल आलो होतो की. हॉल बंद होता. बराच वेळ उभा होतो.” बुधवारी कशाला आला असेल हा? बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. याला कोणीतरी वार चुकीचा सांगितला! विरोधकाला रिकाम्या हॉलसमोर थंडीत उभं करायचं, म्हणजे तो कंटाळून आपोआप गळेल. निवेदिताताई म्हणाल्या, “वैजू, इतकं कोण करतं मंडळासाठी?” त्यावर बाईंनी दिलेला कटाक्ष फोनवरून दिसला नाही, हे ताईंचं नशीब.

आणि मग एका शनिवारी वरदा स्वतःच त्यांच्या अर्ल्सडनमधल्या घराच्या दारात उभी राहिली. केस कसेबसे बांधलेले, अंगात रेनकोट, हातात खोबऱ्याच्या वड्यांचा डबा.

“काकू, वड्या आणल्यात. विकतच्या आहेत हं, मला येत नाहीत.”

हे प्रामाणिकपणाचं नाटक असावं, असं समजून बाईंनी तिला आत घेतलं. वरदा सरळ शशिधररावांपाशी जाऊन खाली गालिच्यावर बसली. “काका, कसे आहात?” आणि मग गप्प राहिली. उत्तरासाठी थांबली. बहुतेक लोक थांबत नाहीत. दोन सेकंद बघतात आणि स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. ही थांबली.

“बस,” शशिधरराव बऱ्याच वेळाने म्हणाले.

“बसलेय, काका.”

बाईंना ते आवडलं, आणि आवडलं म्हणून जास्तच संशय आला. निवडणुकीच्या तोंडावर म्हाताऱ्यांच्या पायाशी बसणारे त्यांनी टीव्हीवर पुष्कळ पाहिले होते.

“गुरुवारचं काय करणार आहेस?” त्यांनी वडीला हात न लावता विचारलं.

“खरं सांगू का काकू, आय डोन्ट नो. मार्चमध्ये हॉलचं लीज संपतंय. त्यांना गुरुवारचा स्लॉट छोट्या मुलांच्या टॉडलर ग्रुपला द्यायचाय. मी बोलले त्यांच्याशी, पण ते ऐकतील असं वाटत नाही. हॉल जाऊ शकतो. दुसरी जागा मी शोधेन, तेवढं प्रॉमिस करते.”

“जयंत अध्यक्ष झाला तर हॉल जाणार नाही. चर्चच्या त्या व्हिकारच्या मुलांना त्याने तपासलंय.”

“असेल,” वरदा म्हणाली. मग डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिली. “काकू, एक विचारू? जयंतकाका बरे आहेत ना?”

“का?”

“मागच्या आठवड्यात मला सेन्सबरीजच्या कार पार्कमध्ये दिसले. गाडी शोधत होते. मीही त्यांच्याबरोबर शोधली. पण ते बसने आले होते. पास खिशातच होता त्यांच्या. आणि मला त्यांनी दोनदा अनुराधा म्हटलं. मला वाटलं, तुम्ही डॉक्टर आहात, त्यांच्या जवळच्या आहात, तर…”

वैजयंतीबाईंच्या डोक्यात जी तिडीक गेली, ती वर्णन करण्याच्या पलीकडची होती. अस्सं! आता इथपर्यंत मजल गेली. तत्त्वावर हरवता येत नाही, तर म्हातारा भ्रमिष्ट आहे अशी आवई उठवायची. हे असलं राजकारण त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. आपल्या मंडळात, आपल्या बैठकीच्या खोलीत पाहायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

“हे आणखी कोणाकोणाला सांगितलंस?”

“कोणालाच नाही.”

“आणि सांगणारही नाहीस.”

“नाही सांगणार, काकू. मी त्यासाठी नव्हते आले.”

दोन ग्लास म्हणाला की चार धरायचे. कोणालाच नाही म्हणाली म्हणजे निदान निम्म्या मंडळाला सांगून झालं असणार. बाईंनी तिला चहासुद्धा विचारला नाही. ती गेल्यावर शशिधररावांनी एक वडी उचलली आणि दुसरी बायकोपुढे धरली. “नको मला,” बाई म्हणाल्या. त्यांनी निमूटपणे हात मागे घेतला आणि दोन्ही वड्या स्वतःच खाल्ल्या. झटका आल्यापासून ते असेच झाले होते. नको म्हटलं की नको समजायचे.

सभेपर्यंत बाई कान देऊन होत्या. आज ना उद्या ती कुजबुज कोणाच्या तरी तोंडून कानावर येणार, आणि मग त्या भर सभेत वरदाला उघडी पाडणार. पण कोणी काही बोललं नाही. गुरुवारी येणाऱ्या रेखाताई नाहीत, निवेदिताताई नाहीत. एवढी मोठी गोष्ट कोणाच्याच तोंडात नाही, याचा बाईंना अचंबा वाटला. किती पोहोचलेली पोरगी, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

सभा रविवारी दुपारी होती. हॉल भरला होता, कारण मंडळात पहिल्यांदाच मतदान होणार होतं आणि शिवाय बटाटेवडे होते. वैजयंतीबाई पहिल्या रांगेत, शेजारी शशिधरराव. बाईंनी एक प्रश्न योजून आणला होता. वरदा कामावर जाणारी, गुरुवारी दुपारी ती कधीच नसे. तेव्हा प्रश्न साधा ठेवायचा, आणि न्याय दिसावा म्हणून दोन्ही उमेदवारांना तोच विचारायचा.

“ज्याला माणसं माहीत नाहीत, त्याने मंडळ चालवू नये,” त्या उभ्या राहून म्हणाल्या. “गुरुवारी इथे कोण कोण येतं? दोघांनी नावं सांगावीत. आधी वरदा.”

वरदा उठली. “शशीकाका. वैजयंतीकाकू, निवेदिताताई, जयंतकाका. रेखाताईंना मी एकदा लिफ्ट दिली होती, त्या येतात.” ती थांबली. “बाकीची नावं मला माहीत नाहीत. मी तेव्हा कामावर असते. निवडून आले तर आधी तेच करेन, पण आज मला माहीत नाहीत.”

मागून कोणीतरी ‘अरेरे’ म्हटलं. बाई समाधानाने खुर्चीत मागे टेकल्या. “आता जयंत.”

जयंतराव उभे राहिले. निळा ब्लेझर, चकचकीत बूट. ते सगळ्यांकडे बघून हसले, आणि ते हसले की अर्ध्या सभेला आपापल्या मुलांचे ताप आठवले. “सगळी आपलीच माणसं,” ते म्हणाले. टाळ्या पडल्या.

“तसं नाही, नावं सांग, नावं!” बाई लाडाने ओरडल्या. आता थोडक्यात गोडी नको होती त्यांना. पुरता विजय हवा होता.

जयंतरावांनी पहिल्या रांगेवरून नजर फिरवली. ती शशिधररावांवर येऊन थांबली. त्यांनी हात वर केला, बोट त्यांच्याकडे केलं.

“हा,” ते म्हणाले. “हा माझा… आम्ही एका खोलीत राहायचो. हॉस्पिटलच्या रेसिडेन्समध्ये. हा भात लावायचा आणि करपवायचा. मग आम्ही टोस्ट खायचो. माझ्या लग्नात यानेच…” हात तसाच वर राहिला. “हा… हा तर…”

बाईंनी जयंतरावांच्या डोळ्यांत पाहिलं. असे डोळे त्यांनी दवाखान्यातल्या खुर्चीत शेकडो वेळा पाहिले होते. आज वार कोणता, महिना कोणता, घड्याळ दाखवून याला काय म्हणतात, असं त्यांनी स्वतः विचारलं होतं, आणि समोरच्या माणसाने असंच हसून म्हटलं होतं, काय डॉक्टर, हे काय विचारता. चहा. बुधवार. गाडी. आणि ते दर दोन हातांनी हुकूम काय रे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसा हा संशय त्या गावभर हिंडवत राहिल्या होत्या.

“शशी,” शेजारून आवाज आला.

शशिधरराव खुर्चीच्या हातावर भार देऊन अर्धवट उठले होते. स्वतःच्या छातीवर डावा हात ठेवून त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने, एकेक अक्षर ओढून आणत, “मी. शशी.”

“शशी,” जयंतराव म्हणाले. “हो. शशी.” त्यांचा हात खाली आला.

आणि हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला. लोकांना वाटलं, गळा दाटून आला बिचाऱ्याचा. एवढी मैत्री! रेखाताई तर डोळे पुसत होत्या. मागून कोणीतरी म्हणालं, “मतदान कशाला हवंय, जयंतरावच!” आणि सवयीप्रमाणे एकजण घडी केलेली शाल घेऊन पुढे निघालासुद्धा.

वैजयंतीबाई जागच्या जागी बसून होत्या. आत्ता तोंड मिटून बसलं की झालं. जयंत अध्यक्ष, व्हिकार त्याच्या शब्दातला, हॉल राहणार, गुरुवार राहणार, शशीचं ‘बदाम’ राहणार. कोणालाही कळलं नव्हतं. त्यांनी वरदाकडे पाहिलं. वरदाला कळलं होतं. कळून आठवडे झाले होते. एका वाक्यात निवडणूक जिंकायचं साधन तिच्या हातात होतं, अजूनही होतं, आणि ती मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघत होती. कोणालाच नाही म्हणाली होती. चार नव्हते, दोनच होते. बाईंना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

जयंतराव त्यांच्याकडेच बघत होते. ओठ फक्त हलले. “नको.”

बाई उठल्या. शाल घेऊन येणाऱ्याच्या हातातून त्यांनी ती हिसकावली.

“जयंत पहिल्या दिवसापासून नको म्हणतोय,” त्या म्हणाल्या. “मी त्याचं ऐकलं नाही. ती माझी चूक. मी सूचक आहे, मी त्याचं नाव मागे घेते.”

“अहो काकू, नको तर सगळेच म्हणतात!”

“तो खरंच म्हणतोय. एवढं साधं मराठी कळत नाही का तुम्हाला?” खेकसल्या त्या लोकांवर, पण कोणाला बोलल्या ते त्यांचं त्यांना माहीत. मग ती शाल मांडीवर घेऊन, दोन्ही हात तिच्यावर गच्च ठेवून खाली बसल्या. मतदान न होताच वरदा अध्यक्ष झाली, आणि बटाटेवडे जरा लवकर मिळाले.

हॉल गेला. मार्चमध्ये टॉडलर्सनी गुरुवार घेतला. वरदाने कौन्सिलच्या लायब्ररीची मागची खोली मिळवली. ती अरुंद होती, हीटर खडखडत होता, आणि तिथली किटली उकळेपर्यंत एक डाव संपायचा. पहिल्याच गुरुवारी बाईंनी या सगळ्याबद्दल तक्रार केली. वरदा लंच ब्रेकमध्ये खुर्च्या लावायला आली होती, तिने ऐकून घेतलं. आता निवडणूक झाली, मग ही कशाला आली, असा प्रश्न बाईंच्या मनात डोकावलाच. त्यांनी तो झटकला. तो थोडासा राहिला.

जयंतरावांना बाई आता स्वतः आणत, आणि मेमरी क्लिनिकलाही त्याच बरोबर जात. त्या गुरुवारी जयंतरावांनी ब्लेझर काढून खुर्चीला लावला, पत्ते हातात घेतले आणि खुर्च्या सरकवणाऱ्या वरदाकडे पाहिलं.

“या कोण?”

“वरदा. आपली अध्यक्ष.”

“अच्छा.” ते जरा विचारात पडले. “मी नव्हतो ना उभा?”

बाईंनी अख्ख्या नोकरीत रोग्याच्या समाधानासाठी कधी खोटं सांगितलं नव्हतं. त्याचा त्यांना मोठा अभिमान होता.

“नव्हतास,” त्या म्हणाल्या. “तुला विचारलं होतं. तू नको म्हणालास.”

“मग?”

“मग आम्ही नाही उभं केलं.”

“बरं केलंत,” जयंतराव म्हणाले आणि मोकळेपणाने हसले. त्यांनी पानं लावली, एकदा खालीवर केली, समोरच्या मित्राकडे पाहिलं. “हुकूम काय रे?”

तो कोणासाठी विचारतोय, ते आता बाईंना ठाऊक होतं. त्यांनी आपले पत्ते चेहऱ्यासमोर धरले आणि नवऱ्याचं उत्तर यायची वाट बघितली.

“बदाम,” शशिधरराव म्हणाले.